ठोसा झेलावा कसा, आणि लपवू नये तो का?

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ होती. आम्ही दारात खुर्ची टाकून बसलो होतो. शेजारच्या चाळीतल्या एक वहिनी लगबगीने आल्या. त्या शिलाईच्या कारखान्यात कामाला जातात, मालक रात्रपाळीचे वॉचमन. येता येताच म्हणाल्या, "भाऊ, जरा पोराकडं बघता का? दुपारपासून तिसऱ्यांदा विचारतोय, आई आज वार कोणता?"

पोरगा अकरावीत आहे. वस्तीजवळच्या व्यायामशाळेत दोन वर्षे बॉक्सिंग शिकतो आहे. अंगाने काटक, स्वभावाने शांत. त्या सकाळी सरावात त्याच्या जबड्यावर बाजूने एक जोरदार ठोसा बसला होता. क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी येऊन त्याने उलटी केली आणि आईला सांगितले, "वडापाव बाधला." आम्ही जवळ बसवून विचारले तेव्हा कुठे तो खरे बोलला. "काका, सरांना सांगितलं असतं तर त्यांनी पुढच्या रविवारी खेळवलं नसतं. जिल्ह्याची निवड आहे."

या एका वाक्यात सगळे आले. आपल्या घरांना खेळाकडे नुसती हौस म्हणून बघणे परवडत नाही. खेळातून रेल्वेत, पोलिसांत, सैन्यात नोकरी लागते हे पोरांना चांगले ठाऊक असते. म्हणून पोर मार गिळते आणि गप्प बसते.

त्याच रात्री आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी तपासले, स्कॅन काढला, सकाळपर्यंत नजरेखाली ठेवले. सुदैवाने आत रक्तस्राव नव्हता. पण डॉक्टर म्हणाले, "स्कॅन चांगला आला म्हणजे काही झालेच नाही असे समजू नका. मेंदूला हादरा बसला आहे. तो स्कॅनमध्ये दिसत नाही, वागण्यात दिसतो."

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या वहिनींनी आम्हांला विचारले, "भाऊ, डोक्यावर मार बसला तरी कमी लागावं, असं काही शिकवता येत नाही का?" प्रश्न साधा आणि रास्त होता. त्याचेच उत्तर आज देत आहोत. अर्धे उत्तर रिंगमधले आहे, अर्धे घरातले.

मडके शाबूत, दही मोडलेले

मेंदू हा सव्वा ते दीड किलो वजनाचा मऊ गोळा. कवटीच्या आत तो पातळ द्रवात तरंगत असतो. दह्याचे मडके डोळ्यांपुढे आणा. मडक्याला धक्का दिला तर मडके फुटत नाही, पण आतले दही मोडते. आणि मडके नुसते पुढे ढकलण्याऐवजी गर्रकन फिरवले तर दही अधिक मोडते. डोक्याचेही तसेच आहे. समोरून बसलेल्या ठोशाने डोके मागे जाते, तेही वाईटच. पण बाजूने हनुवटीवर बसलेला हूक डोके झटक्यात फिरवतो, आणि आतल्या नाजूक तंतूंना पीळ बसतो. माणूस उभ्या उभ्या कोसळतो तो बहुधा अशा ठोशाने.

हनुवटीच का? नट सैल करायचा असेल तर आपण लांब दांड्याचा पाना घेतो. दांडा लांब, तर नट सहज फिरतो. मानेपासून सर्वांत दूर असलेला डोक्याचा भाग म्हणजे हनुवटी. तिथे बसलेला ठोसा लांब पान्यासारखे काम करतो. हे एकदा समजले की पुढच्या सगळ्या गोष्टी आपोआप समजतात.

रिंगमध्ये काय करावे?

पहिली गोष्ट, डोळे उघडे ठेवा. नवशिका ठोसा येताना बघतो आणि डोळे मिटून घेतो. दिसलेल्या ठोशापेक्षा न दिसलेला ठोसा जास्त इजा करतो, कारण दिसला की मान आपसूक ताठ होते आणि डोके खांद्यांशी जखडले जाते. मग ठोशाला नुसते डोके नव्हे, सगळे धड हलवावे लागते. म्हणून मानेचा व्यायाम रोज थोडा थोडा करावा. बारीक, लांब मानेच्या पोरापोरींनी तर तो चुकवूच नये. मात्र मानेवर वजन टाकण्याचे प्रकार कोचसमोरच करावेत.

दुसरी गोष्ट, हनुवटी खाली. ती छातीकडे घ्यावी, पुढच्या खांद्याच्या आड दडवावी आणि नजर भुवयांखालून समोर ठेवावी. जुने खेळाडू हनुवटीखाली चेंडू धरून सराव करतात तो यासाठीच. असे केले की पान्याचा दांडा आखूड होतो, आणि ठोसा हनुवटीऐवजी कपाळावर येतो. कपाळाचे हाड जाड असते. पण कपाळ पक्के म्हणून मेंदू सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. हादरा आत पोहोचतोच.

तिसरी गोष्ट, दात घट्ट मिटलेले आणि मध्ये माउथगार्ड. तोंड उघडे असताना जबड्यावर ठोसा बसला तर जबडा मोडतो, दात पडतात, जीभ चावली जाते. स्वतःच्या दातांच्या मापाने बसवलेला माउथगार्ड घ्यावा. भावाचा किंवा मित्राचा उसना घेऊ नये. त्याने दात वाचतात हे नक्की. मेंदू वाचतोच, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगू नये.

चौथी गोष्ट, हात वर आणि डोक्याला टेकलेले. ग्लोव्ह आणि गाल यांच्यात बोटभरही फट राहिली, तर समोरच्याचा ठोसा आपलाच ग्लोव्ह आपल्या तोंडावर आपटतो. दमल्यावर हात पहिले खाली येतात. म्हणून दोरीवरच्या उड्या आणि धावणे हेही डोके वाचवण्याचेच शिक्षण आहे. दमलेला बॉक्सर जास्त मार खातो.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ठोसा चुकलाच नाही, तर त्याच्याबरोबर जा. समोरून आला तर अर्धे पाऊल मागे सरका. बाजूने आला तर डोके आणि खांदे त्याच दिशेने वळू द्या. ठोशाच्या दिशेने आपण पुढे गेलो तर दोन गाड्या समोरासमोर आदळाव्यात तसे होते. आपल्यात माथाडी काम केलेली माणसे आहेत, त्यांना विचारा. पाठीवर पोते घेताना ते गुडघे ताठ ठेवतात का? नाही. गुडघ्यात वाकून, भाराबरोबर किंचित खाली जाऊन ते पोते अंगावर घेतात. चेंडू झेलणाराही हात मागे नेतो. जोर तोच असतो, पण तो थांबायला जास्त वेळ मिळाला की अंगाला कमी लागतो. यासाठी गुडघे सैल हवेत, पाय एकमेकांत अडकता कामा नयेत आणि वजन दोन्ही पायांवर हवे.

सहावी गोष्ट पडण्याची. ठोशाने झालेली इजा एक, आणि पडताना डोके जमिनीवर आपटून झालेली इजा दुसरी. ही दुसरी पुष्कळदा पहिलीपेक्षा भयंकर असते. मागे पडताना हनुवटी छातीला लावा, म्हणजे डोक्याची मागची बाजू आपटणार नाही. शुद्ध हरपलेल्याला मात्र हे जमत नाही. त्याच्यासाठी जमीनच मऊ हवी. आमच्या त्या पोराच्या व्यायामशाळेत सिमेंटच्या फरशीवर सराव चालत असे. पालकांनो, तुमचे मूल जिथे शिकते तिथली जमीन एकदा पायाने चाचपून बघा. मॅट नसेल तर जोडीने ठोसे मारण्याचा सराव तिथे होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सातवी गोष्ट, खाली बसायला लाजू नका. डोके सुन्न झाले, पाय लटपटले तर गुडघा टेकावा. पंच मोजतील. तेवढ्यात श्वास घ्यावा, आणि डोके ठिकाणावर नसेल तर लढत सोडावी. लढत पुढच्या वर्षी पुन्हा येते.

आणि वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडू नका. अंगातले पाणी आटवून रिंगमध्ये उतरणे हे आपल्याच हाताने स्वतःला अर्धे पाडणे आहे.

ग्लोव्ह आणि हेडगार्ड यांचा भरवसा किती?

पुष्कळांना वाटते, ग्लोव्ह आहेत, हेडगार्ड आहे, मग भीती कसली? १८६७ साली इंग्लंडमध्ये क्वीन्सबरी नियम छापले गेले आणि मुष्टियुद्धात ग्लोव्ह आले. ग्लोव्हने मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचतो. उघड्या मुठीने कवटीवर मारले तर मारणाऱ्याचीच करंगळीमागची हाडे मोडतात. ग्लोव्ह घातल्यावर ती भीती गेली आणि डोक्यावरचे ठोसे वाढले.

हेडगार्डची कथाही अशीच. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून ते सक्तीचे झाले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने प्रौढ पुरुषांसाठी ते काढले, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष उघड्या डोक्याने लढले, स्त्रिया हेडगार्ड घालून. काढल्यानंतर भुवया आणि कातडी फुटण्याचे प्रकार वाढले. यावरून एवढे कळते की हेडगार्ड जखम अडवते, कान आणि भुवई वाचवते. पण डोके झटक्याने फिरायचे ते हेडगार्डसकट फिरते. शिकणाऱ्या मुलांनी ते जरूर घालावे. फक्त ते घातले म्हणून जास्त मार खाऊ नये.

डोके पक्के होत नाही

आखाड्यातला एक गैरसमज आम्हांला मुळापासून काढायचा आहे. "मार खाऊन खाऊन डोकं पक्कं होतं" असे म्हणतात. हाताला घट्टे पडतात, दंड भरतात, पण मेंदूला घट्टा पडत नाही. प्रत्येक मार जमा होत जातो.

१९२८ साली अमेरिकेतील हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी लिहिले की काही जुने मुष्टियोद्धे दारू न पिताही झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात, गोंधळतात. १९७३ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी निवृत्त झालेल्या १५ मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूंची त्यांच्या मृत्यूनंतर तपासणी केली, त्यात झीज आणि बिघाड यांच्या खुणा दिसल्या. दक्षिण कोरियाचा किम डुक-कू १३ नोव्हेंबर १९८२ रोजी लास वेगासमध्ये चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांतच वारला. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आल्या. उशिरा का होईना, शहाणपण आले.

आणि मुहम्मद अली कोणाला माहीत नाही? १९७४ साली किन्शासा येथे त्याने दोरांना टेकून, हातांचा आडोसा करून जॉर्ज फोरमनला दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. ठोसा झेलण्याची विद्या त्याच्याइतकी थोड्यांनाच आली. त्याच अलीला १९८४ साली कंपवाताचे निदान झाले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची ज्योत पेटवताना त्याचा थरथरणारा हात आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर पाहिला. त्याचा आजार मुष्टियुद्धानेच झाला का, यावर डॉक्टरांची मते वेगवेगळी होती. पण तो हात पाहून आम्ही एक धडा घेतला. सरावात डोक्यावर होता होईल तितके कमी मारावे. पंचिंग बॅगवर हवे तेवढे मारा, बॅगेला मेंदू नसतो.

मार बसल्यावर घरात काय करावे?

डोक्याला मार बसून डोके दुखते, गरगरते, मळमळते, उजेड सहन होत नाही, तोच तोच प्रश्न विचारला जातो, मूल चिडचिडे किंवा सुस्त होते. यांतले एक जरी लक्षण दिसले तरी त्या दिवशी खेळ बंद. बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झाले नाही, हा समज चुकीचा आहे. शुद्ध न हरपताही मेंदूला हादरा बसतो.

पुढील गोष्टी दिसल्या तर एक क्षणही वाट पाहू नका: डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी, जागे करूनही नीट जागे न होणे, झटके येणे, एक बाहुली मोठी दिसणे, बोबडे बोलणे, हात-पाय लुळे पडणे, कान-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, मानेत तीव्र वेदना. १०८ ला फोन करा. कधी कधी मार खाल्लेला माणूस तास-दोन तास हसतो-बोलतो आणि मग एकाएकी खाली जातो. आत रक्त साठत असते. म्हणून पहिले दोन दिवस त्याला घरात एकटे सोडू नका.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. कांदा फोडून हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, गालावर चापट्या मारणे यात वेळ घालवू नका. मानेला मार असण्याची शंका असेल तर उठवून बसवू नका. वेदनेसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल द्यावी. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल तर झोपू द्यायला हरकत नाही. रात्रभर जागवत बसण्याची जुनी रीत सोडून द्यावी.

आणखी एक. भांडणात मार खाऊन पडलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला की लोक म्हणतात, "चढली आहे, झोपू दे." सकाळी तो उठत नाही. दारू आणि डोक्याचा मार एकत्र असेल, तर मार आहे असेच धरून दवाखाना गाठावा.

पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाईल-टीव्ही कमी. मग हलके चालणे. त्याने त्रास वाढत नसेल तर शाळा, मग धावणे, दोरी, मग बॅग. एका दिवसात एकच पायरी. त्रास वाढला तर एक पायरी मागे. जोडीने ठोसे मारणे सर्वांत शेवटी, आणि तेही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. पहिला हादरा बरा होण्याआधी दुसरा बसला, तर कोवळ्या वयात मेंदू एकदम सुजून जीव जाऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडते. निवडीची तारीख गाठण्यासाठी एवढा धोका घ्यायचा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रिंगबाहेरचा ठोसा

वर सांगितलेली विद्या रिंगसाठी आहे. तिथे दोघे राजीखुशीने उतरतात, पंच असतो, वेळ संपते. गल्लीतल्या भांडणात पंच नसतो आणि खाली डांबरी रस्ता असतो. एका ठोशाने पडलेला माणूस फुटपाथच्या कडेवर डोके आपटून मेल्याच्या घटना घडतात, आणि मारणाऱ्याचेही आयुष्य तुरुंगात जाते. तिथे एकच विद्या कामाची, पाय उचलून निघून जाणे. वाट नसेल तर दोन्ही हातांनी डोके झाका, हनुवटी खाली घ्या आणि मोठ्याने ओरडा.

आणि घरातला ठोसा? काही भगिनी हा मजकूर वाचून मनात म्हणतील, हे आम्हांला पाठ आहे. त्यांना आम्ही झेलण्याची युक्ती सांगणार नाही. घरात मार झेलणे ही कोणत्याही स्त्रीची कला असू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा तुमच्यासाठी आहे. १८१ या क्रमांकावर महिलांना मदत मिळते, तातडीला ११२ आहे. आणि डोक्यावर मार बसला असेल तर "घसरून पडले" असे न सांगता डॉक्टरांना खरे कारण सांगा. उपचारही नीट होतो आणि नोंदही राहते. मुलांच्या कानशिलात भडकावणाऱ्या बापांनाही आमचे सांगणे आहे, त्याने कानाचा पडदा फाटतो. शाळेतही मारण्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे.

असो. त्या पोराची निवड हुकली. निवडीच्या दिवशी तो कोपऱ्यात पाण्याची बाटली आणि टॉवेल घेऊन इतरांसाठी उभा होता. डोळे भरून आले होते, आम्ही पाहिले. त्याचे कोच आम्हांला बाजूला घेऊन म्हणाले, "मला सांगितलं असतं तर मी त्याला रागावलो नसतो हो. पण पोरं घाबरतात. चूक माझीही आहे. सांगितलं तर नाव कापणार नाही, हे मी आधीच सांगायला हवं होतं." आम्हांला हे बोलणे आवडले. आता तिथे सरावानंतर प्रत्येकाला "डोक्यावर बसला का?" असे विचारले जाते, आणि पालकांनी वर्गणी काढून जुन्या मॅट आणल्या आहेत.

साडेतीन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याला मोकळे केले. परवा तो नळावर भेटला. आम्ही मुद्दाम विचारले, "काय रे, आज वार कोणता?" हसून म्हणाला, "गुरुवार, काका. आईनं पाच वेळा विचारून झालंय."